मकरपुरा जीआयडीसीतलं शॉकअपचं काम: उशीर होतो, तरी तिथेच द्या

जुन्या गाडीचे पुढचे शॉकअप बदलायचे असतील तर बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) मशीन शॉपच्या रांगेमागे एक बिनपाटीचं गॅरेज आहे तिथे जा, फोन उचलत नाहीत, काम लांबवतात, पण हात साफ आहे. २०२३ च्या जानेवारीत लक्ष्मी विलास पॅलेसला २१ गन सॅल्यूटचा जुन्या गाड्यांचा शो झाला तेव्हापासून बडोद्यात जो तो व्हिंटेज स्पेशालिस्ट झालाय, पाटी रंगवली की झालं.

आमची गाडी १९५६ ची शेवरोले, सासऱ्यांची. हिचा शॉकअप स्प्रिंगच्या आतून वर जातो, वरचं टोक रबर बुश घालून एका नटने चेसिसला, आणि खालच्या टोकाला जी आडवी पट्टी असते ती दोन बोल्टनी लोअर आर्मला (चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याला) खालून कसायची. ऐकायला सोपं आहे पण सगळी मेख त्या दोन बोल्टांत. ते इंची आहेत, ५/१६ चे, इंचाला १८ आटे. आपल्याकडे डब्यात सापडतो तो ८ एमएमचा, जाडी जवळपास तीच (५/१६ म्हणजे ७.९४ एमएम) आणि १३ चा पाना दोन्हींच्या डोक्यावर बसतो, इंचीवर जरा सैल एवढंच, त्यामुळे कोणालाही वाटणार हाच तो. पण ८ एमएमच्या दोन आट्यांत अंतर सव्वा एमएम आणि इंचीत १.४१, म्हणून एकदोन फेरे हाताने जातो आणि मग अडकतो, आणि मग लांब पाना लावून रेटतात!! गेले आटे. आधीच्या एका गॅरेजने (नाव घेत नाही) डाव्या बाजूला हेच करून ठेवलेलं, प्रत्येक ब्रेकरवर टक टक, विचारलं तर म्हणे बॉल जॉइंट गेलाय ताई, नवीन टाका. बॉल जॉइंट ठणठणीत होता.

इथल्या भाईंनी बोल्ट काढला, कापडाने पुसला, आट्यांच्या गेजची एकेक पाती लावून उजेडाकडे धरून बघितली आणि एवढंच म्हणाले, "आंटा जुदा छे." मग आर्मवर पत्र्याची क्लिप असते ना नटवाली, ती चेपलेली काढून दोन्ही बाजूंना नवीन सरकवल्या, बोल्ट नवीन, डोक्यावर तीन रेघा असलेले म्हणजे ग्रेड ५, खाली स्प्रिंग वायसर. दोन्ही बोल्ट आधी बोटांनी पूर्ण फिरवून घेतले, पाना नंतर, आणि शेवटी टॉर्क पाना, कारण क्लिपचा नट जास्त ताण सहन करत नाही. वरचा नटसुद्धा रबर वायसरच्या कडेपर्यंत फुगेल इतकाच, आवळून चपटं नाही केलं. शॉकअप गॅसचे होते, पट्ट्याने दाबून बांधलेले येतात आणि पट्टा कापला की स्वतःच लांब होतात, तो पट्टा त्यांनी शॉकअप जागेवर गेल्याशिवाय कापला नाही, घाई करणारा आधी कापतो आणि मग दांडा दाबत झगडत बसतो. गाडी घोडीवर होती, नुसत्या जॅकवर नाही, हे मी मुद्दाम बघितलं.

आता टकटक बंद, बॉनेट दाबून सोडलं की एकदाच वर येऊन थांबतं.

तक्रारी आहेत. शनिवारी देतो म्हणाले आणि पुढचा आठवडा संपत आला तरी गाडी तिथेच, मजुरी २५०० घेतली जी मला जास्त वाटली, पक्कं बिल तीनदा मागितल्यावर मिळालं, आणि सीटवर काळे हात उमटलेले ते मीच घरी पुसले. अॅम्बॅसेडरवाल्यांनी विचारू नका, जुन्या मॉडेलला पुढे टॉर्शन बार आणि लिव्हरवाले शॉकअप असतात, ते प्रकरणच वेगळं, ते हे करतात का मी विचारलं नाही.

इंची बोल्ट आणि क्लिपा ते ठेवत नाहीत, मागवतात, तेव्हा गाडी नेण्याआधी मॉडेल, साल आणि लोअर आर्मचा खालून फोटो व्हॉट्सअॅपवर टाका, मेसेज बघतात. दुपारी १ ते ३ शटर अर्धं खाली असतं.