पॅनिक अटॅक: थेरपी, रोजची गोळी की खिशातली गोळी?

पॅनिकचा झटका, म्हणजे अचानक उसळणारी प्रचंड भीती आणि धडधड, साधारण 10 मिनिटांत टोकाला जातो आणि बहुतेक वेळा अर्ध्या तासात ओसरतो, काहीही केलं नाही तरी. घबराट शमवायला खिशात ठेवली जाणारी अल्प्राझोलामची गोळी गिळल्यावर रक्तातलं तिचं प्रमाण टोकाला पोहोचायला 1 ते 2 तास लागतात. म्हणजे गोळी नीट लागू पडेपर्यंत झटका आपल्या पायांनी निघून गेलेला असतो आणि श्रेय मात्र गोळीला मिळतं. असं चार-पाच वेळा झालं की ती पट्टी खिशात नसताना घराबाहेर पाऊल पडेनासं होतं.

म्हणून उपचार निवडताना त्या अर्ध्या तासाचा विचार बाजूला ठेवा. आजार खरा ठाण मांडून बसतो तो दोन झटक्यांच्या मधल्या दिवसांत. फास्ट लोकल सोडून स्लो पकडायची, कारण ती दर स्टेशनला थांबते. नाटकाला कडेचीच खुर्ची घ्यायची. घाटातून जाणारी एसटी नको, एकट्याने बँकेत जाणं नको. डॉक्टर ‘पॅनिक डिसऑर्डर’ म्हणतात तेव्हा त्यांना हेच अभिप्रेत असतं: कारण नसताना वारंवार येणारे झटके आणि त्यानंतर किमान महिनाभर ‘पुन्हा आला तर?’ ही धास्ती किंवा तिच्यापायी बदललेलं वागणं. आयुष्यात एकदा झटका आला, पुढे काही नाही, अशा माणसाला ना गोळी लागते ना थेरपी.

आधी हृदय आणि थायरॉइड

छातीत पहिल्यांदाच दुखलं आणि वय चाळिशीच्या पुढे असेल, मधुमेह, बीपी किंवा तंबाखू असेल, दुखणं हातात किंवा जबड्यात जात असेल, चालताना वाढत असेल, तर ‘टेन्शनमुळे असेल’ असं घरच्या घरी ठरवू नका. थेट रुग्णालय गाठा आणि ईसीजी काढा. एरवी एकदा नीट तपासणी पुरते: ईसीजी, टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी), हिमोग्लोबिन, साखर. सोबत चालू औषधांची यादीही डॉक्टरांना दाखवा. दम्याचा साल्ब्युटामॉलचा पंप, सर्दीच्या काही गोळ्या, दिवसाला सहा-सात कप चहा-कॉफी, एनर्जी ड्रिंक, आणि रोज पिणाऱ्याने अचानक थांबवलेली दारू, यांतलं प्रत्येक कारण धडधड आणि थरथर उभी करू शकतं.

‘एकदा’ या शब्दावर जोर आहे. दर महिन्याला नवा ईसीजी, मग टूडी इको, मग दुसऱ्या डॉक्टरांकडे तिसरा ईसीजी, असं सुरू झालं की प्रत्येक ‘नॉर्मल’ रिपोर्टचा दिलासा चार दिवस टिकतो. ही तपासण्यांची साखळी आजाराचाच भाग असते. दुसरी जुनी खोड म्हणजे छातीत धडधडलं की जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवणं. ती गोळी रक्तवाहिन्या सैल करते, त्याने बीपी उतरतं, डोकं ठणकतं आणि हृदय आणखी जोरात धावतं. पॅनिकच्या माणसाला नेमकं तेच नको असतं.

झटका चालू असताना

हा भाग कोणताही उपचार निवडला तरी सारखाच. घाबरल्यावर श्वास भराभर होतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, आणि त्यामुळेच बोटांना-ओठांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. श्वास अपुरा पडतोय असं वाटतं, प्रत्यक्षात तो जास्त होत असतो. म्हणून ‘मोठा श्वास घे’ हा सल्ला चुकीचा. 4 मोजत नाकाने हळू आत, 6 मोजत बाहेर, चार-पाच मिनिटं. कागदी पिशवीत श्वास घेण्याची युक्ती आता बाद आहे, कारण ती व्यक्ती खरोखर दम्याची किंवा हृदयाची रुग्ण असली तर जिवावर बेतू शकतं. चक्कर येऊन पडण्याची भीती जवळजवळ सगळ्यांना असते, पण झटक्यात रक्तदाब सहसा वाढतो आणि बेशुद्ध पडायला तो उतरावा लागतो. (रक्त किंवा सुई पाहून घेरी येणाऱ्यांचं गणित वेगळं.)

शक्य असेल तर जागा सोडू नका. दादरला झटका आला आणि उतरून गेलात, तर मेंदूने शिकलेला धडा एवढाच: उतरलो म्हणून वाचलो. जवळच्या माणसाने कांदा हुंगवायला धावू नये, दहा जणांना गोळाही करू नये. ‘झटका आहे, मी इथेच आहे, जाईल’ एवढं पुरतं.

प्राणायामाबद्दल नेहमी विचारलं जातं. संथ, श्वास न रोखता केलेला अनुलोम-विलोम चालतो. कपालभाती आणि भस्त्रिकेने मात्र याच आजारात अनेकांना वर्गातच धडधड सुरू होते. कारण तेच, भराभर श्वास.

थेरपी: नेमकं काय करून घेतात

पॅनिकसाठी ज्या थेरपीचा पुरावा भक्कम आहे ती सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी), म्हणजे विचार आणि वर्तन या दोन्हींवर काम करणारी. साधारण आठवड्याला एक सत्र, एकूण 8 ते 14. तिच्या मुळाशी मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी 1986 मध्ये मांडलेली साधी गोष्ट आहे: धडधड झटका आणत नाही, धडधडीचा ‘हा हार्ट अटॅक’ असा लावलेला अर्थ झटका आणतो.

पहिली दोन-तीन सत्रं समजून घेण्यात आणि झटक्यांची नोंदवही ठेवण्यात जातात. मग मुद्दाम ती संवेदना उभी करायची. एक मिनिट भराभर श्वास, फिरत्या खुर्चीत एक मिनिट गरगर, नाक दाबून बारीक स्ट्रॉने श्वास, दोन मजले धावत वर. प्रत्येक वेळी भीतीला 0 ते 10 गुण द्यायचे आणि भीती निम्म्यावर येईपर्यंत तोच प्रकार पुन्हा पुन्हा करायचा. दमा, हृदयविकार, फिट्स किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. त्यानंतर बाहेर पडायचं: दुपारच्या रिकाम्या लोकलने एक स्टेशन, सोबतीला कुणी, मग एकट्याने, मग सकाळच्या गर्दीत. कुबड्या एकेक करून सोडायच्या: पाण्याची बाटली, दाराजवळची जागा, खिशातली पट्टी, ‘पोचलो’ म्हणून बायकोला केलेला फोन. संथ श्वासही कुबडी होऊ शकतो, म्हणून शेवटी त्याच्याशिवायही धडधड सोसून बघायची.

थेरपी बिघडते ती दोन ठिकाणी. एक, सगळी सत्रं बालपणाच्या गप्पांत जातात आणि धडधड कुणी उभीच करत नाही. पाचव्या सत्रापर्यंत असा सराव सुरू झाला नसेल, तर स्पष्ट विचारा. टाळाटाळ झाली तर दुसरा थेरपिस्ट शोधा. दोन, सराव सुरू झाल्यावर पहिले दोन-तीन आठवडे भीती वाढते आणि लोक नेमके तिथेच सोडतात. घरचा अभ्यास रोज अर्धा तास आहे. तो जमणार नसेल तर फी वाया.

रोजची गोळी: एसएसआरआय

एसएसआरआय म्हणजे मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनावर काम करणारी, रोज घ्यायची औषधं. इथली मुख्य औषधं एस्सिटालोप्राम आणि सर्ट्रालिन. पॅरोक्सेटिन आणि फ्लुओक्सेटिनही दिली जातात. पॅनिकचे रुग्ण सुरुवातीच्या डोसला फार संवेदनशील असतात, म्हणून एस्सिटालोप्राम 5 मिलिग्रॅमने सुरू करून आठवड्याने 10, सर्ट्रालिन 25 ने सुरू करून 50, हा नेहमीचा क्रम. पहिल्याच दिवशी 10 किंवा 50 दिलं की पहिल्या दोन आठवड्यांत मळमळ, जुलाब, डोकेदुखीबरोबर अस्वस्थता आणखी वाढते आणि पेशंट ‘मला ही सोसत नाही’ म्हणून पट्टी फेकून देतो. दोष बहुधा वेगाचा असतो, औषधाचा नाही. फरक दिसायला 2 ते 4 आठवडे, पूर्ण गुण यायला 8 ते 12.

जे दुष्परिणाम लोक डॉक्टरांना सांगत नाहीत ते लैंगिक असतात: इच्छा कमी होणं, उशीर होणं. ते बऱ्याच जणांना होतात, डोस किंवा औषध बदलून त्यावर काही करता येतं, आणि न सांगता गोळी बंद करण्याचं ते एक मोठं कारण आहे. 25 वर्षांखालच्यांत सुरुवातीच्या आठवड्यांत आत्महत्येचे विचार वाढतात का यावर घरच्यांनी लक्ष ठेवायचं. 65 च्या पुढे एस्सिटालोप्राम 10 च्या वर नेत नाहीत, आणि बीपीसाठी लघवीची गोळी चालू असेल तर सोडियम तपासतात. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक किंवा ॲस्पिरिन नेहमी लागत असेल तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. ट्रमाडॉल ही वेदनाशामक गोळी चालू असेल तर आवर्जून सांगा. स्वतःला किंवा घरात कुणाला कधी अति-उत्साहाचा, झोपेविना दिवस काढल्याचा आजार झाला असेल तर तेही, कारण बायपोलरमध्ये ही गोळी उलटू शकते.

सवय लागते का? दारूसारखी ओढ लागत नाही, डोस वाढवत जावा लागत नाही. पण अचानक बंद केली तर त्रास होतो. त्यावर शेवटी.

चिठ्ठीवरची दुसरी गोळी

आपल्याकडे चिठ्ठी दोनदा वाचायला हवी ती यासाठी. एस्सिटालोप्राम 10 आणि क्लोनाझेपाम 0.5 एकाच गोळीत घालून सर्रास विकलं जातं. घेणाऱ्याला वाटतं आपण एकच साधी गोळी घेतोय. पट्टीच्या मागे बारीक अक्षरांत दोन नावं असतात. क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम, एटिझोलाम ही एकाच जातकुळीची. शांत वाटतं, झोप येते, आणि रोज घेतली तर काही आठवड्यांत शरीर त्यांना सरावतं. एकदम थांबवली तर घबराट पहिल्यापेक्षा जास्त उसळते, झोप उडते, मोठ्या डोसवर फिटही येऊ शकते. शिवाय दोन औषधं एका गोळीत बांधली की एक चालू ठेवून दुसरं कमी करता येत नाही. म्हणून क्लोनाझेपाम द्यायचंच असेल तर ते वेगळ्या गोळीत मागा.

या गोळ्यांना जागा आहे, पण छोटी: एसएसआरआय लागू पडेपर्यंतचे दोन ते चार आठवडे, थांबवण्याची तारीख चिठ्ठीवर लिहून. दारूबरोबर कधीच नाही, गाडी चालवताना सांभाळून. अल्प्राझोलाम शेड्यूल एच-1 मध्ये, म्हणजे विक्रीवर कडक नियम असलेल्या औषधांच्या सरकारी यादीत आहे. औषधविक्रेत्याने चिठ्ठीची नोंद करून ती 3 वर्षं ठेवायची असते. ओळखीच्या दुकानातून चिठ्ठीविना मिळणारी पट्टी ही सोय नव्हे. थेरपी चालू असताना तर या गोळ्या आड येतात, कारण भीती सोसून शिकायचं असतं आणि गोळी ती भीतीच बधिर करते. हृदयाचे ठोके मंद करणाऱ्या प्रोप्रॅनोलॉलची गोष्ट निराळी. भाषणाआधीच्या हाताच्या कंपाला ते ठीक, पॅनिक डिसऑर्डरवर फारसं कामाचं नाही, आणि दमेकऱ्यांना वर्ज्य.

शेजारी ठेवून पाहिलं तर

वेगात थेरपी आणि एसएसआरआय जवळपास बरोबरीचे. दोन्हींना दीड ते तीन महिने द्यावे लागतात. ‘गोळी लगेच लागू पडते’ ही कीर्ती क्लोनाझेपामची आहे.

खरा फरक बंद केल्यानंतर दिसतो. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड बार्लो आणि सहकाऱ्यांनी 2000 मध्ये 312 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. उपचार चालू असताना सीबीटी आणि इमिप्रामिन हे जुनं औषध दोन्ही चालली. उपचार थांबवून सहा महिन्यांनी, औषधाविना सीबीटी घेतलेले जास्त टिकून होते. दोन्ही एकत्र घेतलेल्यांचा फायदा बराच विरला. औषध इमिप्रामिन होतं, आजचं एसएसआरआय नव्हे, हे लक्षात ठेवूनही कल स्पष्ट आहे.

पैशात पारडं उलटं. जेनेरिक एस्सिटालोप्रामची गोळी काही रुपयांना, जनऔषधी केंद्रात आणखी स्वस्त. पुण्या-मुंबईत थेरपीच्या एका सत्राला सहज हजारच्या वर जातात. तालुक्याला सीबीटी येणारा माणूस मिळणं अवघड, मानसोपचारतज्ज्ञ जिल्हा रुग्णालयात तरी असतो. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, गोव्यात बांबोळीची संस्था. या ठिकाणी बाह्यरुग्ण विभागात दाखवायला ‘वेडं’ असावं लागत नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक ऑक्टोबर 2022 पासून मोफत चालू आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. थेरपी घेताना क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी विचारा. औषध लिहून देण्याचा अधिकार मात्र डॉक्टरचाच.

तर कोणी काय करावं? झटके आठवड्याला एखादा, कामाला जाता येतंय, थेरपिस्ट परवडतो: थेरपी आधी, गोळी नको. मूल होऊ देण्याचा विचार असेल तरीही हाच क्रम. पण गोळी आधीच चालू असेल तर चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणून त्या रात्री बंद करू नका, डॉक्टरांना गाठा. सोबत उदासी आहे, घराबाहेर पडणंच थांबलंय, किंवा पन्नास किलोमीटरांत थेरपिस्ट नाही: गोळी आधी, आणि ती लागू पडल्यावर स्टेशन-स्टेशनचा सराव स्वतः, नाहीतर ऑनलाइन. नुसती गोळी घेऊन सगळं टाळत राहिलात तर झटके थांबतात, पण लोकल मात्र स्लोच पकडली जाते. जगणं नको वाटत असेल तर हा लेख ठेवा आणि आजच डॉक्टरांकडे जा किंवा 14416 लावा.

बंद करताना

बरं वाटू लागल्यावर किमान सहा महिने, बरेच डॉक्टर वर्षभर गोळी चालू ठेवतात. मग काही आठवडे ते काही महिने घेऊन डोस उतरवायचा, आणि शेवटचे टप्पे सगळ्यात छोटे. परीक्षा, बदली, लग्नघर अशा महिन्यात सुरुवात नको. पॅरोक्सेटिन सोडणं सर्वात त्रासाचं, फ्लुओक्सेटिन सर्वात सोपं.

डोस कमी केल्यावर दोन-चार दिवसांतच चक्कर, मळमळ, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं झालं, तर तो औषध सुटण्याचा त्रास. मागच्या डोसवर गेलं की तो पटकन शमतो आणि मग अधिक हळू उतरता येतं. आजार परत येतो तो सहसा आठवडे-महिन्यांनी, चोरपावलांनी: आधी एखादी लोकल सोडली जाते, मग कडेची खुर्ची. पहिल्याला दुसरं समजून कित्येक जण वर्षानुवर्षं गोळी चालू ठेवतात. म्हणून डोस कमी केल्याची तारीख आणि त्रास सुरू झाल्याची तारीख, दोन्ही कॅलेंडरवर लिहा आणि पुढच्या भेटीला ते पान सोबत न्या.