युजर सिंक कशावर लावायचं: सीएसव्ही, पहिलं लॉगिन, स्किम की स्वतःची स्क्रिप्ट?

नवीन बिझनेस अ‍ॅप घ्यायचं ठरलं की डेमोमध्ये हमखास एक गोष्ट दाखवतात: डिरेक्टरीत (कंपनीच्या लोकांच्या मुख्य यादीत) नाव टाकलं की अ‍ॅपमध्ये अकाउंट आपोआप तयार. बघायला छान वाटतं, पण निर्णय त्यावर घेऊ नका. जॉइन झालेल्या माणसाला अकाउंट मिळालं नाही तर तो दहा मिनिटांत आयटीला फोन लावतो. सोडून गेलेल्याचं अकाउंट चालू राहिलं तर तक्रार करायला कुणीच नसतं. म्हणून खाली चारही पद्धती तीन प्रसंगांवर ताडून पाहिल्या आहेत: माणूस आला, माणसाचं नाव किंवा विभाग बदलला, माणूस गेला. माझ्या लेखी तिसऱ्या प्रसंगाचं वजन सगळ्यात जास्त.

गृहीत एवढंच की तुमच्याकडे लोकांची एक मुख्य यादी आहे (मायक्रोसॉफ्ट एन्ट्रा आयडी, ओक्टा, गूगल वर्कस्पेस किंवा तत्सम) आणि समोर बाहेरच्या कंपनीचं अ‍ॅप आहे, ज्यात हीच माणसं दिसायला हवीत.

हाताने किंवा सीएसव्हीने

यावर फार बोलायला नको. माणसं पंचवीस-तीस, अ‍ॅप दोन-तीन आणि ये-जा मोजकी असेल तर हाताने अकाउंट करण्यात कमीपणा काहीच नाही. सिंक लावून ते सांभाळण्यातच जास्त वेळ जाईल. दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. बऱ्याच अ‍ॅपमध्ये सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी यादीची फाइल) अपलोड केल्यावर नवी माणसं येतात, जुन्यांची माहिती बदलते, पण यादीतून वगळलेल्या माणसाचं अकाउंट बंद होत नाही. ते वेगळं जाऊन करावं लागतं. आणि ती फाइल एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केली की कर्मचारी क्रमांक ००४२ चा ४२ होतो. अ‍ॅप त्याच क्रमांकावरून माणूस ओळखत असेल तर एका माणसाची दोन अकाउंट झालीच म्हणून समजा.

पहिल्या लॉगिनला अकाउंट

सिंगल साइन-ऑन (कंपनीच्या एकाच लॉगिनने सगळीकडे प्रवेश) आधीच लागलेलं असेल तर हा पर्याय जवळपास फुकट पडतो. माणूस अ‍ॅप उघडतो, अ‍ॅप त्याला तुमच्या लॉगिन पानाकडे पाठवतं, तिथून नाव, ईमेल, विभाग अशी माहिती असलेला, सही केलेला संदेश परत येतो आणि या माणसाचं अकाउंट नसेल तर अ‍ॅप ते तिथल्या तिथे बनवतं. मोठ्या कंपन्यांच्या अ‍ॅपमध्ये हे बहुधा २००५ साली आलेल्या सॅमल २.० या लॉगिनच्या मानकावर चालतं, काही ठिकाणी ओपनआयडी कनेक्ट या दुसऱ्या मानकावर. आयटीवाले याला जस्ट-इन-टाइम किंवा नुसतं जेआयटी म्हणतात.

माणूस येण्याचा प्रसंग यात बरा निभावतो, एक अडचण सोडून: तो स्वतः लॉगिन करेपर्यंत अ‍ॅपच्या दृष्टीने तो अस्तित्वातच नसतो. सोमवारी येणाऱ्या मॅनेजरला शुक्रवारीच मंजुरीच्या साखळीत टाकून ठेवायचं असेल तर जमत नाही.

बदलाच्या प्रसंगात जेआयटी डळमळतं. विभाग बदलला तर ती माहिती पुढच्या लॉगिनलाच पोचते. आणि आडनाव बदललं, त्यासोबत ईमेल बदलला आणि अ‍ॅप ईमेललाच ओळख मानत असेल, तर अ‍ॅपला हा नवाच माणूस वाटतो. रिकामं नवं अकाउंट उघडतं, सगळं जुनं काम जुन्या अकाउंटमध्ये अडकून पडतं आणि ते एकत्र करायला व्हेंडरच्या सपोर्टकडे तिकीट टाकावं लागतं. हे टाळायचं तर ओळख म्हणून ईमेल न पाठवता कधीच न बदलणारा क्रमांक पाठवायचा, तोही पहिल्या दिवसापासून. मध्येच ओळख बदलायला गेलात की सगळ्यांचीच डुप्लिकेट अकाउंट व्हायची भीती.

माणूस गेला की काय? डिरेक्टरीत त्याला बंद केलं की त्याला नवीन लॉगिन करता येत नाही, हे खरं. पण अ‍ॅपमधलं अकाउंट तसंच राहतं, कारण तो गेला हे अ‍ॅपला कोणी सांगितलेलंच नसतं. लायसन्स अडकून राहतं. मोबाइलवर आधीपासून चालू असलेलं सेशन अ‍ॅपच्या स्वतःच्या मुदतीपर्यंत चालू राहू शकतं. त्याने स्वतःच्या नावाने काढलेलं एपीआय टोकन (प्रोग्रामला अ‍ॅपशी थेट बोलू देणारी किल्ली) तर साइन-ऑनकडे फिरकतही नाही, थेट आत जातं. नुसत्या जेआयटीवर विसंबणाऱ्यांनी निदान महिन्यातून एकदा दोन्ही याद्या समोरासमोर ठेवून ताडायलाच हव्यात.

स्किम

स्किम (SCIM) हा डिरेक्टरीतून अ‍ॅपमधली अकाउंट बनवणं, बदलणं आणि बंद करणं नेमक्या याच कामासाठी बनलेला मानक प्रोटोकॉल. त्याची २.० आवृत्ती सप्टेंबर २०१५ मध्ये आरएफसी ७६४२, ७६४३ आणि ७६४४ अशा तीन दस्तऐवजांत आली. इथे डिरेक्टरी स्वतः अ‍ॅपला बदल कळवते, लॉगिनची वाट पाहत नाही.

ते चालतं कसं हे एकदा जवळून पाहून घ्या, म्हणजे पुढे लॉग वाचता येतील. डिरेक्टरी आधी विचारते: या युजरनेमचं कोणी आहे का? उत्तर रिकामं आलं तर ती नवा युजर पाठवते. अ‍ॅप २०१ हा कोड ('नवं बनवलं') आणि स्वतःचा एक आयडी परत देतं. डिरेक्टरी तो आयडी जपून ठेवते आणि पुढचे सगळे बदल त्याच आयडीवर पाठवते. त्यामुळे आडनाव आणि ईमेल दोन्ही बदलले तरी अकाउंट तेच राहतं. माणूस गेला की 'अ‍ॅक्टिव्ह' या रकान्यात 'फॉल्स' जातं आणि अ‍ॅप अकाउंट बंद करतं. तिन्ही प्रसंग कागदावर तरी नीट सुटतात.

प्रत्यक्षात डिरेक्टरी कोणती यावर बरंच ठरतं. ओक्टामध्ये बदल झाला की तो लगेच पाठवला जातो. एन्ट्राचं सिंक फेऱ्यांनी चालतं, साधारण दर ४० मिनिटांनी एक. म्हणजे भांडून गेलेल्या माणसाचं अकाउंट याच क्षणी बंद करायचं असेल तर एन्ट्रात फेरीची वाट न पाहता त्या एकट्या माणसाचं सिंक हाताने चालवा, किंवा सरळ अ‍ॅपमध्ये जाऊन बंद करा. डिलीट करण्याबाबतही फरक आहे. ओक्टा अकाउंट फक्त निष्क्रिय करायला सांगतं, डिलीटची विनंती पाठवत नाही. एन्ट्रात युजर डिलीट केला की आधी निष्क्रिय करण्याचा निरोप जातो आणि ३० दिवसांनी तो कायमचा गेला की डिलीटचा. तुमचं अ‍ॅप डिलीट म्हटल्यावर त्या माणसाच्या फाइलही पुसतं का, हे त्या ३० दिवसांच्या आत नव्हे, सिंक लावायच्या आधी कळलेलं बरं. काही अ‍ॅपमध्ये हा प्रश्नच येत नाही. सेल्सफोर्समध्ये युजर डिलीट करताच येत नाही, फक्त निष्क्रिय होतो.

ग्रुपचं प्रकरण वेगळं. अ‍ॅपमधल्या भूमिका ग्रुपवरून ठरवायच्या असतील तर एन्ट्रा ग्रुपच्या आतल्या ग्रुपमधली माणसं पाठवत नाही, थेट सदस्यच पाठवतो, हे ध्यानात ठेवा. 'सगळे विभाग' असा एक मोठा ग्रुप करून त्यात बाकीचे ग्रुप टाकले असतील तर सिंक हिरवं दिसेल आणि अ‍ॅपमध्ये कुणीच दिसणार नाही. ओक्टामध्ये अ‍ॅप कुणाला द्यायचं तो ग्रुप आणि अ‍ॅपमध्ये ढकलायचा ग्रुप वेगवेगळे ठेवायची शिफारस आहे.

आणि 'आमच्याकडे स्किम आहे' हे व्हेंडरचं वाक्य अर्धवटही असू शकतं. कुठे युजर चालतात, ग्रुप चालत नाहीत. कुठे मानकातली ऐच्छिक माहिती सक्तीची असते: एडब्ल्यूएसच्या (अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडच्या) आयडेंटिटी सेंटर या लॉगिन सेवेला पहिलं नाव, आडनाव, युजरनेम आणि दिसणारं नाव ही चारही हवीतच, त्यामुळे एकच नाव लावणारा माणूस सिंक होत नाही. उलट बाजूलाही खोड्या आहेत. एन्ट्राची एक जुनी सवय अशी की 'फॉल्स' हे मूल्य बूलियन (खरं/खोटं) म्हणून न जाता मजकूर म्हणून जातं. मानक काटेकोर पाळणारं अ‍ॅप ते नाकारतं आणि नेमकं अकाउंट बंद करण्याचंच काम फसतं. जोडणीच्या यूआरएलच्या शेवटी एक पॅरामीटर जोडला की हे सुटतं, पण आधी लक्षात यायला हवं.

देखभाल थोडी, पण शून्य नाही. जोडणीच्या टोकनला मुदत असू शकते. एडब्ल्यूएसचं टोकन एका वर्षात संपतं. ते संपलं की आरडाओरड काही होत नाही, सिंक थांबतं एवढंच. एन्ट्रात चुका साचल्या की सिंक क्वारंटाइनमध्ये जातं, फेरी दिवसातून एकदाच होते आणि चार आठवड्यांहून जास्त काळ तसंच राहिलं तर सिंकच बंद पडतं. चुकांचे ईमेल एकट्या माणसाच्या पत्त्यावर न जाता टीमच्या पत्त्यावर जातील असं बघा.

जेआयटी आणि स्किम दोन्ही एकदम चालू ठेवावं का, असं विचारतात. मी ठेवणार नाही. जेआयटीने एका ओळखीने अकाउंट बनवलं आणि स्किम दुसऱ्या ओळखीने शोधायला गेलं की एकतर डुप्लिकेट होतं किंवा लॉगमध्ये ४०९ ('असं आधीच आहे' हा एरर कोड) दिसत राहतो. लॉगिन सॅमलने, अकाउंट मात्र फक्त स्किमने.

स्वतःची स्क्रिप्ट

अ‍ॅपला स्किम नाही पण एपीआय आहे, किंवा स्किम ज्या महागड्या प्लॅनमध्ये आहे तो परवडत नाही, तेव्हा लोक इकडे वळतात. स्क्रिप्ट लिहिणं अवघड नाही. ती लिहिणारा सोडून गेल्यावर तिच्याकडे कोण बघणार, हा खरा प्रश्न. शिवाय तिच्याजवळ अ‍ॅपचे अ‍ॅडमिन अधिकार असतात, म्हणजे ती किल्ली कुठे ठेवली आहे हेही सांभाळायचं.

सगळ्यात धोक्याची जागा सांगतो. डिरेक्टरीचं एपीआय माणसं पानापानाने देतं, समजा एका पानावर १००. स्क्रिप्टने पहिलंच पान वाचलं आणि 'जो यादीत नाही त्याला बंद कर' असा नियम असेल, तर शंभराव्या माणसापुढचं सगळं ऑफिस सकाळी बाहेर. त्यामुळे पहिल्याच आवृत्तीत एक आडकाठी हवी: एका वेळी ठरावीक संख्येपेक्षा जास्त अकाउंट बंद होणार असतील तर थांब आणि माणसाला विचार. एन्ट्रामध्ये अशी मर्यादा तयार मिळते, स्क्रिप्टमध्ये ती आपणच घालायची. ४२९ हा कोड ('फार विनंत्या झाल्या') आला की थांबून पुन्हा प्रयत्न करणं हेही आलंच.

काही अ‍ॅप याच्या उलट चालतात: ती स्वतः तुमची डिरेक्टरी वाचतात. लावायला सोपं, पण त्यासाठी अख्खी डिरेक्टरी वाचायची परवानगी मागतात. वीस जणांसाठी घेतलेल्या अ‍ॅपला मी ती देणार नाही.

मग कोणी काय घ्यावं?

ग्राहकांची माहिती, पैसे किंवा सोर्स कोड असलेल्या अ‍ॅपला स्किम घ्या; प्लॅनचा जास्तीचा खर्च तिथे रास्त आहे. नुसतं वाचायचं अ‍ॅप असेल, लायसन्स माणशी नसेल, तर जेआयटी आणि महिन्याची पडताळणी पुरते. स्क्रिप्ट तेव्हाच, जेव्हा ती सांभाळायला किमान दोन माणसं आहेत. आणि एचआर जर माणूस गेल्याचं आयटीला आठवड्याने कळवत असेल तर आधी तो निरोप वेळेवर आणा. तोवर ४० मिनिटं काय, ४० सेकंदांचं सिंकही उपयोगाचं नाही.

सुरुवात एका छोट्या ग्रुपवर करा. अ‍ॅपमध्ये आधी हाताने बनवलेली अकाउंट असतील तर त्यांचे ईमेल डिरेक्टरीशी जुळतात का ते सिंक चालू करण्यापूर्वी पाहा. नंतर ते निस्तरणं फार किचकट. मग एक चाचणीचा माणूस बनवून त्याला आणा, आडनाव बदला, विभाग बदला, काढा आणि पुन्हा कामावर घ्या. परत आलेल्याचं जुनं अकाउंट जागं होतं की नवं बनतं, हे डेमोत कधीच दाखवत नाहीत. एक अ‍ॅडमिन अकाउंट सिंकच्या बाहेर, मजबूत पासवर्डसह ठेवा, नाहीतर जोडणी बिघडली की ती दुरुस्त करायला आत जाताच येणार नाही.

व्हेंडरला सही करण्यापूर्वी लेखी विचारायचं ते हे: स्किम कोणत्या प्लॅनमध्ये आहे, ग्रुप चालतात का, निष्क्रिय केल्यावर चालू सेशन आणि टोकन तुटतात का, लायसन्स लगेच सुटतं का, आणि त्या माणसाच्या नावावर चालणारे रिपोर्ट व ऑटोमेशन दुसऱ्याच्या नावावर करता येतात का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असेल तर अशी कामं पहिल्या दिवसापासून सर्व्हिस अकाउंटवर (कुणा एका माणसाचं नसलेल्या अकाउंटवर) ठेवा.