खोलीच्या भाड्यातला ‘फक्त फरक’

वडिलांच्या पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेसाठी गेल्या वर्षी आम्ही दादरमधील एका खाजगी रुग्णालयात गेलो, तेव्हा टीपीए डेस्कवरील (विमा दाव्यांचे काम पाहणाऱ्या) कर्मचाऱ्याने दोन खाटांची खोली रिकामी नसल्याचे सांगून ८,००० रुपये भाड्याची स्वतंत्र खोली सुचवली आणि ‘बाकी सगळे कॅशलेस आहे, फक्त भाड्यातला फरक भरा’ असा दिलासा दिला. पॉलिसी ५ लाखांची आणि भाड्याची मर्यादा तिच्या १ टक्का, म्हणजे दिवसाला ५,००० रुपये होती; तीन दिवसांचे ९,००० जातील, असा हिशेब करून मी इंग्रजीतील संमतिपत्रावर न वाचताच सही केली. दोन खाटांच्या खोलीत आदल्या दिवसापासून जागा होती, हे दुसऱ्या दिवशी परिचारिकेच्या बोलण्यातून कळले.

डिस्चार्जच्या वेळी ९,००० नव्हे, तर ६०,००० रुपये मागण्यात आले. भाडे मर्यादेबाहेर गेले की विमा कंपनी शल्यविशारद, भूलतज्ज्ञ, शस्त्रक्रियागृह यांच्या शुल्कातही त्याच प्रमाणात कपात करू शकते, हे आम्हाला तेव्हा समजले. ८,००० पैकी ५,००० मंजूर, म्हणून ९६,००० च्या शुल्कातून साडेसदतीस टक्के, म्हणजे ३६,००० गेले. (डेस्कवरच्या माणसाला हे रोजचेच गणित असणार.)

तपशीलवार बिल हा रुग्णाचा हक्क असूनही ते तीनदा मागावे लागले. त्यात औषधे आणि तपासण्यांच्या ४०,००० रुपयांवरही तीच कात्री चालवलेली दिसली. विमा नियामक संस्था आयआरडीएआयच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार औषधे, उपभोग्य साहित्य, इम्प्लांट आणि निदान तपासण्या यांवर अशी प्रमाणशीर कपात करता येत नाही. हे नमूद करून विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी कळवल्यावर ते १५,००० परत मिळाले. कंपनीने महिनाभरात दाद दिली नसती, तर सांताक्रूझच्या विमा लोकपाल कार्यालयात जाता आले असते. तेथे शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही.

उरलेल्या रकमेसाठी मी महापालिकेच्या वॉर्ड कार्यालयातील आरोग्य अधिकाऱ्यांकडे तक्रार केली. खोली रिकामी नसल्याचे मला केवळ तोंडी सांगितले होते. रुग्णालयाने उत्तरादाखल माझ्या सहीच्या संमतिपत्राची प्रत जोडली.