दाट ऑलिव्ह बागेसाठी दाब-नियंत्रित इनलाइन ठिबक: पैसे कुठे वसूल होतात, कुठे अडतं

4 × 1.5 मीटरवर लावलेल्या ऑलिव्हच्या बागेत हेक्टरी साधारण 1,666 झाडं बसतात आणि ओळींची लांबी 2,500 मीटर भरते. इनलाइन म्हणजे नळीच्या आतच बसवलेला, 60 सेंटिमीटरला ताशी 1.6 लिटरचा एक ड्रिपर (थेंब सोडणारं तोंड) धरला, तर हेक्टरी ताशी 6.7 घनमीटर पाणी पडतं. हा आकडा लिहून ठेवा, पुढे कामाला येतो.

प्रेशर कॉम्पेन्सेटिंग, म्हणजे दाब कमी-जास्त झाला तरी सारखंच पाणी सोडणारी दाब-नियंत्रित नळी साध्या नळीपेक्षा महाग असते. तरी दाट बागेला हीच घ्यावी. इथे खरं पाणी वाचतं ते ताण देऊन, म्हणजे मुद्दाम पाणी कमी देऊन. कोय कडक होण्याच्या काळात झाड ताण चांगला सोसतं; फुलोरा, फळधारणा आणि नंतर तेल भरताना मात्र पाणी तोडू नये. साध्या नळीत चढावर नि टोकाला दाब पडतो. मग तिथली झाडं सुकतात आणि पंपाजवळची कुंपणासारखी माजतात, सावली वाढते, तोडणीयंत्रात मावत नाहीत. ताण मोजून द्यायचा तर पाणी सगळ्यांना सारखंच पडायला हवं. मोजण्यासाठी आतलं पान तासभर फॉइलच्या पिशवीत झाकून भर दुपारी प्रेशर चेंबरमध्ये (पानातला पाण्याचा ताण मोजणाऱ्या यंत्रात) बघावं. आकडा जितका उणे, तितका ताण जास्त; कोय कडक होताना उणे 2 मेगापास्कलच्या आसपास थांबावं.

दोष आहेतच. ड्रिपरच्या रबरी पडद्याखाली कण अडकला की तो बंद होण्याऐवजी जास्तही गळू शकतो, आणि ते चटकन लक्षात येत नाही. म्हणून पाण्याच्या मीटरवर हेक्टरी ताशी किती पाणी जातं ते रोज 6.7 शी ताडून पाहा. आकडा चढला तरी तपासणी हवीच. 120 मेशचा (मेश म्हणजे जाळीच्या बारीकपणाचं माप) डिस्क फिल्टर किमान, तळ्याचं पाणी असेल तर आधी सँड फिल्टर. क्षारांना आम्ल, शेवाळाला क्लोरीन. दोन्ही एकत्र कधीच नको, विषारी वायू होतो.

नळी तारेला टांगली की थेंब ड्रिपरखाली न पडता नळीवरून ओघळत झोळाच्या जागी जमतात. प्रत्येक ड्रिपरजवळ थेंब अडवणारी रिंग लावा आणि नळी यंत्राच्या फळं झेलणाऱ्या पट्ट्यांच्या खालीच ठेवा.

पुरलेल्या नळीत बाष्पीभवन घटतं खरं, पण नेमका ताण दिला की मुळं ओलाव्यामागे ड्रिपरमध्येच घुसतात. मुळं रोखणारे ड्रिपर, हवेचे व्हॉल्व्ह आणि टोकाला गाळ धुऊन काढणारी फ्लशिंग लाइन, या तिन्हींची तयारी नसेल तर नळी जमिनीवरच अंथरावी.