नोटरीचा लाल शिक्का आणि आमचे पाच गुंठे

वडील एसटीतून निवृत्त झाले, फंडाचे पैसे हातात आले आणि घरात जागेचा विषय निघाला. मी भोसरीत नोकरीला, घर भाड्याचं. गावाकडच्या ओळखीतून एक एजंट भेटला. शिरूर तालुक्यात रस्त्यापासून आत, पाच गुंठे, एक लाख वीस हजार रुपये गुंठा. गोड माणूस. वडिलांना 'काका' म्हणायचा आणि घरी आला की आधी पाणी मागायचा.

खरेदीखत कधी करायचं, असं मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. तो म्हणाला, "सर, तुकडेबंदी आहे ना, म्हणजे ठरलेल्या क्षेत्राहून लहान शेतजमीन विकायला मनाई, त्यामुळे एवढ्याशा तुकड्याची खरेदी सध्या लागत नाही. आपण नोटरी साठेखत, म्हणजे पुढे खरेदी करायचा करार करू, ताबा घेऊन टाकू. मोकळीक आली की दुसऱ्या दिवशी रजिस्टर." मी जरा का-कू केली, तर हसून म्हणाला, "अहो, कायद्यात तोंडी करारसुद्धा चालतो. आपण तर स्टॅम्पवर करतोय."

ही अर्धी खरी गोष्ट होती, म्हणूनच ती लागू पडली. १८७२च्या करार कायद्यात एकाने प्रस्ताव ठेवला, दुसऱ्याने तो स्वीकारला, मोबदला ठरला, दोघे करार करायला पात्र आणि हेतू कायदेशीर असेल, तर कागद नसला तरी करार होतो. भाजीपासून भंगारापर्यंत रोज तसेच होतात. जमिनीचं मात्र वेगळं आहे, हे त्याने सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

२०१८च्या दसऱ्याला शंभराच्या स्टॅम्पवर सह्या झाल्या. साडेचार लाख दिले, त्यातले दीड लाख चेकने आणि तीन लाख रोख. बाकीचे दीड लाख खरेदीच्या दिवशी द्यायचे. वकिलांच्या टेबलावर दहा मिनिटांत काम आटपलं. लाल शिक्का, हिरवी शाई, रजिस्टरमध्ये आमच्या सह्या. वडिलांनी पेढे वाटले. पुढच्या रविवारी सिमेंटचे पोल उभे करून तारेचं कंपाउंड घातलं, आंब्याची चार रोपं लावली.

सातबारा मी पाहिला होता, अगदी डोळ्यांनी. जमिनीचा मालक वारलेला. त्याने स्वतः विकत घेतलेला गट होता आणि वारस नोंदीने चार नावं लागली होती: बायको, थोरला मुलगा, लग्न झालेली मुलगी आणि धाकटा मुलगा. धाकट्याच्या नावाजवळ 'अ.पा.क.' असं लिहिलेलं होतं. मला ते आडनावाचं आद्याक्षर वाटलं. अज्ञान पालन कर्ता, म्हणजे मुलगा अठराच्या आतला आहे, हे मला दोन वर्षांनी आमच्या वकीलबाईंनी सांगितलं.

साठेखतावर सह्या थोरल्याच्या आणि आईच्या. आईने स्वतःसाठी एक अंगठा दिला, धाकट्यासाठी एक. मुलीची सही नव्हती. एजंटचं उत्तर तयार होतं: "ताईंनी साडीचोळी घेऊन कधीच हक्क सोडलाय." हक्कसोड पत्र कुठे आहे, असं विचारायचं माझ्या तोंडावर आलं होतं. पण समोर तिची आई बसलेली, तिच्या देखत कसं विचारायचं?

२०२०च्या डिसेंबरात आम्ही जागेवर गेलो तर कंपाउंड काढून कडेला रचून ठेवलेलं. अख्खा गट विकला गेला होता, नोंदणीकृत खरेदीखताने. चौघांच्या सह्या होत्या. धाकटा तोवर अठरा पूर्ण करून बसला होता आणि ताईसुद्धा माहेरी येऊन सही करून गेल्या होत्या. नवा मालक भला माणूस. त्याने चहा पाजला आणि म्हणाला, "मी वकिलाकडून तीस वर्षांच्या नोंदींचा सर्च काढला. तुमचं नाव कुठेच नव्हतं हो."

असणार कुठून? नोटरीचा कागद दुय्यम निबंधकाच्या दप्तरात जातच नाही. नोटरी सांगतो ते एवढंच की या माणसांनी माझ्यासमोर सह्या केल्या. जमीन कोणाची, विकायचा हक्क कोणाचा, याच्याशी त्या शिक्क्याचा संबंध नसतो.

वकीलबाईंनी आमचा कागद वाचला, चष्मा काढला आणि सुरुवात केली. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२चा, कलम ५४: शंभर रुपयांवरची स्थावर मिळकत विकली जाते ती नोंदणीकृत दस्तानेच, आणि नुसत्या साठेखताने जमिनीत कसलाही हक्क येत नाही. ताब्याचा आधार घ्यावा, तर २००१पासून त्यासाठीही साठेखत नोंदवलेलं लागतं. बहिणीचा हक्क तोंडी सुटत नाही. अज्ञान मुलाची स्थावर मिळकत आईला न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, १९५६चा कायदा आहे. विकलीच, तर मुलगा मोठा झाल्यावर तो व्यवहार मोडू शकतो. अज्ञानाने स्वतः केलेला करार तर मुळातच शून्य, म्हणजे झालाच नाही असा. कलकत्त्याच्या एका सावकाराने अज्ञान मुलाचं घर गहाण घेऊन पैसे दिले होते, ते प्रकरण प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या शेवटच्या अपील न्यायालयापर्यंत गेलं आणि १९०३ साली सावकाराची बाजू हात हलवत परतली. हे सांगताना बाई थोड्या रंगात आल्या होत्या. माझा जीव मात्र साडेचार लाखांत अडकलेला.

"चारांपैकी दोन हिस्सेदारांच्याच धड सह्या," त्या म्हणाल्या, "आणि त्यांचेही हिस्से वाटप न झालेले. मग तुमचे पाच गुंठे नेमके कुठले?"

पैसे परत मागण्याचा रस्ता होता. करार शून्य आहे असं निघालं, तर घेतलेला फायदा परत करावा लागतो, करार कायद्याचं कलम ६५. पण इथे बाईंनी आवाज खाली आणला. तुकडेबंदी आहे हे तुम्हाला ठाऊक होतं, तरी केलंत. समोरच्याने तेच पुढे केलं तर हे कलमही निसटू शकतं. पोलीस ठाण्यात 'दिवाणी बाब' म्हणून बोळवण झालीच होती.

शेवटी कामी आले ते रोखीचे तीन लाख. साठेखतात ते मिळाल्याचं लिहिलेलं होतं. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घ्यायला आयकर कायद्याची मनाई आहे, २०१५पासून, आणि तेवढाच दंड घेणाऱ्यावर बसू शकतो. आमच्या नोटिशीत ते एक वाक्य गेलं आणि थोरला आठ दिवसांत बोलायला आला. तडजोड झाली दोन लाख सत्तर हजारांवर. तीन हप्ते लागले, सगळे बँकेतून. उरलेले एक लाख ऐंशी हजार गेले ते गेले.

साठेखत नोंदवलेलं असतं तर जमीन आमची झाली असती, असं नव्हे. पण नव्या मालकाच्या सर्चमध्ये आमचं नाव आलं असतं आणि तो आमच्या दारात आधी आला असता. अर्थात चारही सह्या नसलेला, पाच गुंठ्यांचा तो दस्त निबंधकाकडे कदाचित अडला असता, आणि तिथेच आम्हाला कळलं असतं. आता कोणी विचारलं तर मी आधी सातबाऱ्यावरची नावं मोजायला सांगतो आणि मग सह्या मोजायला.

एजंट या सगळ्यात कुठे होता? कागदावर तो साक्षीदार क्रमांक दोन. बोलणी त्याची, भाव त्याचा, 'दुसऱ्या दिवशी रजिस्टर' हे वचन त्याचं, पण सही फक्त साक्षीची. दोन टक्क्यांनी घेतलेले बारा हजार तरी परत दे, असं मी फोन करून म्हणालो. तो अगदी शांत होता.

"सर, कमिशनचा काही कागद आहे का तुमच्याकडे?"