बदकाच्या घरट्यावर ट्रेल कॅमेरा: कॅमेरा चांगला, पुस्तिका कावळ्यांच्या सोयीची

तळ्याकाठच्या गवतात बदकांनी घातलेली अंडी नेमकं कोण पळवतं, ते पाहायला हा ट्रेल कॅमेरा, म्हणजे समोर काही हललं की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा, घेतला. चित्र स्वच्छ येतं, बॅटरी टिकते, कार्ड घालणं सोपं. त्याबद्दल तक्रार नाही.

गोम आहे ती सोबतच्या पुस्तिकेत. 'कॅमेऱ्यासमोरचं गवत कापून घ्या,' असं ती सांगते. कारण तसं रास्त आहे. सेन्सर उष्णतेच्या हालचालीवर चालतो. उन्हानं तापलेलं गवत वाऱ्यानं डोललं की तो उगाच फोटो काढत सुटतो. हरणांच्या वाटेवर खुशाल कापा. घरट्यापाशी मात्र ते गवतच छप्पर असतं. कावळे डोळ्यांनी हुडकतात आणि तेही वरून, त्यामुळे बाजूनं दाट पण माथ्यावर उघडं घरटं त्यांना सहज सापडतं. मादी चरायला जाताना अंड्यांवर पिसं ओढून जाते खरी, पण माणसाच्या चाहुलीनं दचकून उडाली तर तेवढी सवड कुठली? पांढुरकी अंडी तशीच उघड्यावर. तेव्हा कापू नका. सेन्सरची संवेदनशीलता 'लो'वर (कमीवर) ठेवा, आड येणारं पातं नुसतं वाकवा. फालतू फोटो येतील, येऊ देत. जाता-येता गवत तुडवून पायवाट पडणार नाही एवढंही बघा.

दुसरी कुरकुर पट्ट्याची. तो झाडाला नाहीतर खांबाला बांधायचा. मोकळ्या गवताळ जागेत खांब रोवला म्हणजे कावळ्याला टेहळणीला आयतं आसन! मी गवताच्या उंचीखाली राहील अशी बुटकी खुंटी ठोकते. घरट्यापासून दीड-दोन मीटर तरी लांब, नाहीतर चित्र धूसर येतं.

पैसे वसूल होतात ते रात्री. याचे इन्फ्रारेड (अवरक्त) दिवे 940 नॅनोमीटर तरंगलांबीचे, त्यामुळे 850 वाल्यांसारखा लालसर ठिपका दिसत नाही. शिवाय प्रत्येक फोटोवर वेळ छापलेली. अंडी दिवसाढवळ्या चोचीनं गेली की रात्री कुणी वास काढत आलं, ते कळतं. वासावर येणाऱ्या प्राण्याला गवताचा आडोसा फारसा अडवत नाही. म्हणून घरटं फुटलं की लगेच 'गवत विरळ होतं' म्हणणाऱ्यांना मी आधी वेळ दाखवते.

पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा पट्ट्याचा कापला, एक पुस्तिकेचा.