चियांग माईत निवृत्तीचा मुक्काम : सगळे ऋतू काढल्यानंतरचा अनुभव

पन्नाशी ओलांडलेल्या आणि पेन्शन, व्याज, घरभाडं यांवर घर चालवू शकणाऱ्या जोडप्याला उत्तर थायलंडमधलं चियांग माई झेपतं, आणि चांगलं झेपतं. मुंबईहून बँकॉक चार-साडेचार तास, तिथून पुढे सव्वा तास, घड्याळ आपल्यापेक्षा दीडच तास पुढे. रात्री रस्त्यावरून एकटं चालायला भीती वाटत नाही, दवाखाने चांगले, बाजार रोजचा. इथला बेत फसतो तो बहुतेक वेळा महागाईमुळे नाही, तर पैशांच्या कागदांमुळे किंवा मार्चच्या धुरामुळे. म्हणून या दोन गोष्टींवर जास्त लिहितो आहे.

निवृत्तांना इथे राहायच्या नेहमीच्या वाटा दोन. एक, भारतातूनच नॉन-ओ-ए व्हिसा घेऊन येणं. त्यासाठी वय ५० पूर्ण, ८ लाख बाटइतकी (बाट हे थाई चलन) शिल्लक किंवा महिना ६५ हजार बाटइतकं उत्पन्न, पोलिसांचा चारित्र्य दाखला, ठरावीक रोग नसल्याचं वैद्यकीय प्रमाणपत्र आणि ३० लाख बाटचा आरोग्य विमा लागतो. हा व्हिसा वर्षभर चालतो आणि प्रत्येक प्रवेशाला वर्षाचा शिक्का मिळू शकतो, म्हणून मुदत संपायच्या थोडं आधी बाहेर जाऊन परत आलं की जवळपास दुसरं वर्ष पदरात पडतं. अट एकच: विम्याची मुदतही तितकी पुढे असली पाहिजे, नाहीतर शिक्का विम्याच्या तारखेलाच तोडून मिळतो. दुसरी वाट म्हणजे थायलंडमध्ये येऊन इमिग्रेशन कार्यालयात नॉन-ओ व्हिसा करून घेणं (२,००० बाट, मुक्कामाचे किमान १५ दिवस शिल्लक असताना) आणि त्यावर दरवर्षी १,९०० बाट भरून मुदतवाढ घेणं. या वाटेला विम्याची सक्ती नाही, त्यामुळे सत्तरीकडे झुकलेल्यांना हीच परवडते. अडचण एवढीच की पैसे थाई बँकेत लागतात, आणि पर्यटक म्हणून आलेल्याला बँका सहजी खातं उघडून देत नाहीत. एकाच बँकेच्या दोन शाखांत दोन उत्तरं मिळतात. पहिल्या शाखेने नाही म्हटलं तर राहत्या घराचा करार आणि इमिग्रेशनचा रहिवासी दाखला घेऊन दुसऱ्या शाखेत जावं.

आता ८ लाख बाट. दराप्रमाणे हे साधारण २१ ते २३ लाख रुपये होतात. भारतात राहणाऱ्या माणसाला वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात, पण एका आर्थिक वर्षात १० लाख रुपयांपुढच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. एकरकमी २२ लाख पाठवले तर २ लाख ४० हजार अडकतात. विवरणपत्र भरल्यावर ते वळते होतात किंवा परत मिळतात, पण तोवर बाहेरच. म्हणून मार्चअखेर १० लाख, एप्रिल लागताच १० लाख, आणि उरलेले जोडीदाराच्या खात्यातून त्याच्या स्वतःच्या मर्यादेत. ही मर्यादा माणशी आहे, कुटुंबाला एक अशी नाही. हे सगळं देश सोडायच्या आधीच्या हिशेबात बसवा, कारण अनिश्चित काळासाठी बाहेर राहायला गेलं की परकीय चलन कायद्याने तुम्ही अनिवासी होता. मग साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासींचं खातं, करून घ्यावं लागतं आणि पैसे पाठवायचा मार्ग बदलतो. एनआरओमधून वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत नेता येतात, पण त्यासाठी सीएचं प्रमाणपत्र आणि बँकेचे वेगळे फॉर्म लागतात.

महिना ६५ हजार बाट उत्पन्नाचा पर्याय ऐकायला हलका वाटतो. आपल्याकडच्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. इमिग्रेशनला सलग बारा महिने परदेशातूनच आलेली रक्कम पासबुकात तशी नोंदलेली दिसावी लागते. भारतीय बँकेची एखाद्या महिन्याची दिरंगाई किंवा दर घसरून हजारभर बाट कमी पडणं, एवढ्यावरही साखळी तुटते.

मुदतवाढीच्या अर्जाआधी ८ लाख दोन महिने खात्यात असावे लागतात, मंजुरीनंतर तीन महिने तसेच राहावे लागतात, आणि त्यापुढे ४ लाखांखाली जाता येत नाही. थोडक्यात वर्षातले सातच महिने त्यातले निम्मे पैसे वापरायला मोकळे. सरळ मुदत ठेवीत टाका आणि विसरा; बहुतेक ठिकाणी मुदत ठेव चालते, फक्त बँकेच्या पत्रात तसा उल्लेख हवा. खर्चासाठी दुसरं खातं ठेवा.

अर्जाचा दिवस कसा असतो ते सांगतो, कारण माणसं इथेच परत पाठवली जातात. बँकेचं शिल्लक पत्र त्याच दिवसाचं लागतं, आणि पासबुकातही त्याच दिवसाची नोंद दिसावी लागते. ज्या खात्यात महिनाभर हालचाल नाही त्याचं पासबुक मशीनमध्ये घातलं तर नवीन ओळच छापून येत नाही. त्यावर सगळ्यांचा उपाय एकच: सकाळी खात्यात १०० बाट भरायचे, लगेच पासबुक छापून घ्यायचं आणि मग त्या पानाची झेरॉक्स. सोबत मुदतवाढीचा टीएम-७ अर्ज, ४ बाय ६ सेंटिमीटरचा फोटो, पासपोर्टच्या सगळ्या वापरलेल्या पानांच्या प्रती, घराचा करार, घराचा नकाशा, टीएम-३० ची (घरमालकाने केलेल्या राहण्याच्या नोंदीची) पावती. प्रत्येक प्रतीवर निळ्या शाईने सही. पासपोर्टची मुदत वर्षापेक्षा कमी उरली असेल तर मुदतवाढही तिथपर्यंतच मिळते, म्हणून नूतनीकरण आधी उरका. चियांग माईतच भारताचं वाणिज्य दूतावास आहे, ही मोठी सोय. पेन्शनरांचा नोव्हेंबरचा हयातीचा दाखलाही तिथे होतो.

जोडीदाराला आश्रित म्हणून मुदतवाढ मिळते, वेगळे ८ लाख लागत नाहीत. मात्र विवाह नोंदणी दाखला लागतो, आणि १९८०-९० च्या दशकात लग्न झालेल्या कितीतरी मराठी जोडप्यांकडे तो नसतोच. पत्रिका आणि फोटोंवर संसार झालेला असतो. तो आधी महापालिकेत किंवा निबंधकाकडे काढून घ्या. मग नावं तपासा. पासपोर्टावर सासरचं नाव आणि दाखल्यावर माहेरचं, किंवा एकीकडे मधलं नाव नवऱ्याचं आणि दुसरीकडे वडिलांचं, हे थाई अधिकाऱ्याला दोन वेगळ्या बायका वाटतात. नावबदलाची राजपत्रातली नोंद असेल तर तीही सोबत ठेवा. दाखल्यावर आधी आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, मग थाई दूतावासाचा, मग थाई भाषांतर. पुण्या-मुंबईत बसून हे करायला आठवडे लागतात. इथून करायला गेलात तर महिने.

कागद मिळाले की पुढचं सगळं तारखांवर चालतं. सलग ९० दिवस देशात राहिलात की टीएम-४७ ने पत्ता कळवायचा, मुदतीच्या १५ दिवस आधीपासून ७ दिवस नंतरपर्यंत. उशीर झाला तर २,००० बाट दंड. देशाबाहेर जाऊन आलं की मोजणी नव्याने सुरू होते. गणपतीला किंवा दिवाळीला घरी जाण्याआधी टीएम-८ चा पुनर्प्रवेश परवाना काढायचाच: एका फेरीचा १,००० बाट, कितीही फेऱ्यांचा ३,८००. तो न काढता विमानात बसलात की वर्षाची मुदतवाढ तिथेच रद्द, आणि सगळं पहिल्यापासून. खात्यात कोणाचे तरी पैसे दाखवून काम करून देणारे एजंट इथे पुष्कळ आहेत. ते बेकायदा आहे आणि पकडलं गेलं तर काळ्या यादीत एजंट जात नाही, तुम्ही जाता.

घर घेताना भाड्याआधी दोन प्रश्न विचारा. टीएम-३० कोण भरणार? परदेशी माणूस राहायला आल्यावर २४ तासांत ही नोंद करायची जबाबदारी घरमालकाची असते, पण नोंद नसेल तर इमिग्रेशनच्या खिडकीवर अडतो तो भाडेकरू. दुसरा, वीज कुठल्या दराने? सरकारी बिल थेट येत असेल तर युनिटला चार-साडेचार बाटच्या आसपास पडतं, इमारतवाले ७ किंवा ८ लावतात. एप्रिलमध्ये दिवसरात्र एसी चालतो तेव्हा हा फरक भाड्याच्या फरकाएवढा होतो. अनामत दोन महिन्यांची आणि एक महिन्याचं भाडं आगाऊ, ही इथली रीत. आत शिरतानाच भिंती, गाद्या, गीझर यांचे फोटो काढून मालकाला ‘लाइन’ या मेसेजिंग अ‍ॅपवर पाठवून ठेवा. इथे व्हॉट्सअ‍ॅप फारसं कोणी वापरत नाही, सगळं लाइनवर चालतं.

धुराबद्दल गुळमुळीत लिहिणं बरोबर नाही. फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत उत्तर थायलंड, म्यानमार आणि लाओसमध्ये शेतं आणि जंगलं पेटवली जातात. शहर डोंगरांच्या खोलगटात, वारा पडलेला, त्यामुळे धूर बसून राहतो. जागतिक आरोग्य संघटनेची पीएम २.५ ची, म्हणजे हवेतल्या अतिसूक्ष्म कणांची, दिवसाची मर्यादा घनमीटरमागे १५ मायक्रोग्रॅम आहे. इथे मार्चमध्ये १०० च्या पुढचे दिवस येतात आणि कधी आठवडाभर हटत नाहीत. डोई सुथेपचा डोंगर समोर असून दिसत नाही. दमा, सीओपीडी (फुफ्फुसांचा जुनाट आजार) किंवा हृदयविकार असेल तर त्या दिवसांत इथे राहूच नका. गुढीपाडव्याला घरी जायचा बेत वर्षाच्या सुरुवातीलाच ठरवा. उन्हाळा सोसेल, हा धूर नाही. राहायचंच असेल तर एक झोपायची खोली नीट बंदिस्त करा. २० चौरस मीटरची, अडीच मीटर उंचीची खोली म्हणजे ५० घनमीटर हवा. ती तासाला पाच वेळा गाळायची तर २५० घनमीटर क्षमतेचं यंत्र लागतं. विकत घेताना खोक्यावरचा हा आकडा बघा, खोलीचं चित्र नाही. खिडकीच्या फटींना पट्टी लावली नाही तर कितीही मोठं यंत्र कमी पडतं. फिल्टर जानेवारीतच घेऊन ठेवा, मार्चमध्ये दुकानं रिकामी असतात.

आजारपणाचा हिशेब. खाजगी रुग्णालयं उत्तम, भाषेची अडचण नाही, पण दाखल करताना हमी रक्कम मागतात. विद्यापीठाचं मोठं सरकारी रुग्णालय, ज्याला सगळे सुआन दोक म्हणतात, तिथे खर्च बराच कमी आणि रांग बरीच मोठी. भारतातली आरोग्य पॉलिसी इथे सहसा चालत नाही, तरी ती बंद करू नका. पाच वर्षं सलग चाललेली पॉलिसी, फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय, माहिती लपवल्याच्या कारणाने नाकारता येत नाही. वयाच्या सत्तरीत हे संरक्षण नव्याने मिळवायचं म्हणजे पुन्हा शून्यापासून. गुडघा, मोतीबिंदू अशी ठरवून करायची कामं घरी जाऊन करावीत. स्कूटर भाड्याने घ्यायचा मोह सगळ्यांना होतो. आंतरराष्ट्रीय परवान्यावर दुचाकीचा शिक्का नसेल तर अपघातानंतर विमा कंपनी दावा फेटाळते. लाल सोंगथेव, म्हणजे इथली शेअर टॅक्सी, ३० बाटमध्ये जुन्या शहरात कुठेही सोडते.

करासाठी एकच तारीख लक्षात ठेवा: १ जानेवारी २०२४. वर्षात १८० दिवस थायलंडमध्ये राहणाऱ्याने त्यानंतर परदेशात कमावलेलं उत्पन्न इथे आणलं तर ते करपात्र धरलं जातं. त्याआधीची बचत त्यात येत नाही, पण ती आधीची आहे हे दाखवावं लागतं. ३१ डिसेंबर २०२३ च्या शिल्लकीची सगळ्या खात्यांची विवरणं बँकेच्या शिक्क्यासह घेऊन ठेवा. ६५ वर्षांवरच्यांना १ लाख ९० हजार बाटची वेगळी सूट आहे. आणि भारतीय सिम रोमिंगसह जिवंत ठेवा; ओटीपी आला नाही तर बँक, आधार, आयकर सगळं एका दिवसात कुलूपबंद होतं.

माणसं भेटतात का? भेटतात, पण कुठे शोधता यावर कशी भेटतात ते ठरतं. बारमधली ओळख सकाळी उरत नाही. चियांग माई एक्स्पॅट्स क्लबच्या मासिक सभांत व्हिसा, विमा, मृत्युपत्र यांवर कामाची माहिती मिळते, आणि तिथून निघणारे चालण्याचे, पुस्तकांचे, जेवणाचे छोटे गट जास्त टिकाऊ. बहुतेक मंडळी पाश्चात्त्य, साठी-सत्तरीची; जोडप्यांना थाई भाषेच्या वर्गात लवकर सोबत मिळते. पिंग नदीकाठचा जिमखाना क्लब १८९८ चा आहे, तिथे क्रिकेट चालतं आणि दरवर्षी सिक्सेसची, म्हणजे सहा-सहा खेळाडूंच्या क्रिकेटची, आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरते. मैदानाकडेच्या झाडाखाली बसून मुंबई-पुण्याच्या माणसाला अनोळखी वाटायचं कारण नाही. मराठी माणसं मोजकीच, पण वारोरोत बाजाराच्या आसपास पिढ्यान्‌पिढ्या कापडाचा व्यापार करणारी शीख आणि नामधारी कुटुंबं आहेत, गुरुद्वारा आहे, देवी मंदिर आहे. डाळी-पिठांची खबर तिथेच लागते. गणपती तर थाई घराघरांत आहे, फ्रा फिकानेत या नावाने. शाकाहाऱ्यांनी पिवळी ‘जे’ पाटी बघावी. त्या जेवणात मासळीचं पाणी, अंडं, दूध तर नसतंच, कांदा-लसूणही नसतो.

मोकळा वेळ आहे म्हणून योगवर्ग घ्यावा, शाळेत इंग्रजी शिकवावं असं वाटेल. निवृत्तीच्या व्हिसावर काम करता येत नाही आणि बिनपगारी कामालाही परवाना लागू शकतो. संस्थेने परवाना काढून दिला तरच हो म्हणा.

शेवटचा मुद्दा सभांमध्ये सर्वांत कमी बोलला जातो. ८ लाखांचं खातं अर्जदाराच्या एकट्याच्या नावावर लागतं, आणि आपल्याकडच्या नॉमिनीसारखी सोय थाई बँकेत नाही. खातेदार गेला की खातं गोठतं, न्यायालयाने नेमलेल्या व्यवस्थापकाशिवाय उघडत नाही. आश्रित म्हणून राहणाऱ्या बायकोचा मुक्कामाचा आधारही त्याच दिवशी संपतो. त्यासाठी थाई मालमत्तेपुरतं थाई भाषेतलं मृत्युपत्र करा, दोन साक्षीदारांसमोर. २००७ च्या राष्ट्रीय आरोग्य कायद्याच्या १२ व्या कलमाखाली उपचारांबद्दलचं इच्छापत्रही करता येतं, त्याची प्रत रुग्णालयात देऊन ठेवा. आणि दोघांचीही पन्नाशी झाली असेल, पैसे पुरत असतील, तर आश्रिताचा मार्ग सोडून दोघांची खाती आणि मुदतवाढी पहिल्या वर्षापासूनच वेगळ्या काढा.